हृदयाला लगाम घालणारी गोळी : घ्यावी कशी, सोडावी कशी?

कार्तिक महिन्यातली सकाळ होती. पवनीच्या वैजेश्वर घाटावर स्नान आटोपून एक निवृत्त गुरुजी पायऱ्या चढून वर येत होते. वय अडुसष्ट. रोजचा नेम, रोजच्याच पायऱ्या. त्या दिवशी मात्र निम्म्या पायऱ्यांवरच ते मटकन खाली बसले. छातीवर कुणी धान्याचे पोते ठेवावे तसे दडपण, अंगाला दरदरून घाम. घाटावरच्या दोन मुलांनी त्यांना ऑटोत घालून माझ्या दवाखान्यात आणले. नाडी मिनिटाला ११६, रक्तदाब १८० वर १००, आणि कार्डिओग्रामवर हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या स्पष्ट खुणा. तातडीची औषधे दिली, १०८ ची गाडी बोलावली आणि त्यांना नागपूरला रवाना केले. तेथे रक्तवाहिनीतला अडथळा काढून जाळी बसवली गेली. आठवडाभराने गुरुजी आपल्या पायांनी घरी परतले. दैव बलवत्तर!

पण वाचकहो, आजचा लेख त्या जाळीबद्दल नाही. तो आहे एका छोट्याशा गोळीबद्दल, जी गुरुजींनी त्या सकाळच्या अकरा दिवस आधी बंद केली होती. आणि बंद केली आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते!

गोळी एक, औषधे दोन

झाले होते ते असे. सहा वर्षांपूर्वी चालताना छातीत दुखते म्हणून गुरुजींना एक गोळी सुरू झाली होती. त्या एकाच गोळीत दोन औषधे होती : अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम. पहिले रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. दुसरे हृदयाचे ठोके हळू करून त्याच्यावरचा ताण कमी करते. गुरुजी मात्र तिला नुसती 'बीपीची गोळी' म्हणत.

यंदा गावातल्या तपासणीत त्यांचा रक्तदाब मोजला गेला. 'मला बीपी आहे' एवढेच त्यांनी सांगितले. छातीच्या दुखण्याचा विषय निघाला नाही. त्यांना कार्ड मिळाले आणि महिन्याची गोळी फुकट मिळाली. ती होती नुसती अ‍ॅम्लोडिपिन. घरी आल्यावर मुलाने गोळ्यांचे दोन्ही पत्ते शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिन ५. 'बाबा, औषध तं तेच आहे. मग विकत कायले आणाचं?' हिशेब सरळ होता. जुना पत्ता कपाटात गेला. अ‍ॅटेनोलॉल एका दिवसात बंद झाले.

आता माझी चूकही सांगून टाकतो. गोळी बदलल्यानंतर पाचव्या दिवशी गुरुजी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आले होते. मी सवयीने विचारले, 'बीपीची गोळी चालू आहे ना, गुरुजी?' ते म्हणाले, 'चालू आहे जी.' ते खोटे बोलले नाहीत. मीच पुरते विचारले नाही. 'पत्ता दाखवा' एवढे दोन शब्द मी बोललो असतो, तर कदाचित त्या पायऱ्यांवरचा प्रसंग टळला असता. गोळी थांबली म्हणूनच झटका आला असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा होताच. परंतु या जातीची गोळी एकाएकी थांबवली की असे घडू शकते, हे वैद्यकशास्त्राला गेली अनेक दशके माहीत आहे. म्हणून हा लेख.

ही गोळी करते तरी काय?

भीती, राग, धावपळ, थंडी अशा प्रसंगी आपल्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने सुटतात. शेतात धुऱ्यावर अचानक साप दिसला की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. ते सारे याच रसायनांचे काम. ही रसायने म्हणजे किल्ल्या समजा. हृदय, फुफ्फुसे, रक्तवाहिन्या यांच्या पेशींवर त्यांना बसणारी कुलपे असतात. किल्ली कुलपात फिरली की हृदय जोरात आणि वेगाने पळू लागते.

ही कुलपे एकाच प्रकारची नसून दोन प्रकारची आहेत, हे रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली मांडले. त्याने त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. हृदयावर मुख्यतः बीटा कुलपे असतात. स्कॉटलंडचे डॉ. जेम्स ब्लॅक यांनी विचार केला की, रोगी हृदयाला जास्त रक्त पुरवता येत नसेल, तर त्याची रक्ताची गरजच कमी का करू नये? कुलपात आधीच एक न फिरणारी किल्ली अडकवून ठेवली, तर खरी किल्ली बसणारच नाही! या विचारातून १९६० नंतरच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध आले. १९८८ साली डॉ. ब्लॅक यांना याच प्रकारच्या कामासाठी आणखी दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले. बीटा कुलपे अडवणारी म्हणून या औषधांना 'बीटा-ब्लॉकर' म्हणतात.

अल्फा आणि बीटा यांतला फरक हा केवळ पुस्तकी नाही. त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोकणात महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. विंचवाच्या विषाने शरीरात या रसायनांचा पूर येतो आणि हृदय हतबल होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या रुग्णांच्या उशाशी बसून याचा अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे अल्फा कुलपे अडवणारे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशात नुसते बीटा-ब्लॉकर दिले तर अल्फा कुलपे मोकळी राहून उलट अपाय होऊ शकतो. धडधड दोन्हीकडे सारखीच दिसते, पण औषध वेगळे! म्हणूनच 'धडधडते, तर ही गोळी घे' असा सल्ला शेजाऱ्याने देऊ नये आणि आपणही घेऊ नये.

ओळखावी कशी?

पत्त्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ते सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. ते 'लॉल'ने संपत असेल तर ती गोळी बहुधा या जातीची : अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटॅलॉल. डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलही त्यांच्याच घरातले. एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतील, तर बारीक अक्षरांची प्रत्येक ओळ वाचावी. गुरुजींच्या मुलाने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली नाही. घोटाळा तिथेच झाला.

कोणकोणत्या आजारांत?

एवढ्याशा गोळीचा उपयोग किती ठिकाणी होतो हे वाचून आपणांस नवल वाटेल.

१. चालताना छातीत दुखणे : हृदयाचा वेग आणि जोर कमी झाल्याने त्याची रक्ताची मागणी घटते आणि दुखणे कमी होते.

२. हृदयविकाराच्या झटक्यानंतर : १९८० नंतरच्या मोठ्या पाहण्यांत या औषधांनी मृत्यू कमी झाल्याचे दिसले. आता जाळी बसवणे आणि इतर चांगली औषधे आल्यानंतर, ज्यांच्या हृदयाची पंपशक्ती शाबूत आहे अशा सर्वांनाच ती जन्मभर हवी काय, यावर २०२४ व २०२५ साली मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पंपशक्ती कमी झालेल्यांना मात्र फायदा आहे, यात वाद नाही. आपण कोणत्या गटात बसतो ते हृदयाच्या सोनोग्राफीवरून, म्हणजे इकोवरून, आपले डॉक्टर सांगतील.

३. हृदयाचा पंप कमजोर होणे : पूर्वी अशा रुग्णाला हे औषध देणे म्हणजे थकल्या बैलाला आणखी दाबणे असे आम्ही समजत होतो. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या बिसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉलच्या अभ्यासांनी उलटेच दाखवले. अगदी लहान मात्रेपासून हळूहळू वाढवत नेल्यास असे रुग्ण जास्त जगतात. सतत चाबूक खाणाऱ्या बैलाला विसावा मिळावा, तसेच हे.

४. ठोक्यांची अनियमितता : सांधेतापाने लहानपणी झडपा खराब झालेल्या रुग्णांतही, ठोके आवरण्यासाठी ती देतात.

५. थायरॉइड वाढल्याने होणारी धडधड व थरथर : मूळ रोगावरचे औषध लागू पडेपर्यंत आधार म्हणून.

६. अर्धशिशी : डोके दुखत असताना घ्यायची ही गोळी नव्हे. झटके वारंवार येऊ नयेत म्हणून ती रोज घ्यावी लागते आणि गुण यायला काही आठवडे लागतात.

७. हातांचा कंप : बँकेत सही जुळत नाही, चहाची बशी हिंदकळते, अशा एका प्रकारच्या कंपात प्रोप्रॅनोलॉलने बराच आराम पडतो.

८. यकृत खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असतील तर रक्ताची उलटी होऊ नये म्हणून. डोळ्यांतला दाब वाढल्यास थेंबांच्या रूपात. गरोदरपणी रक्तदाब वाढल्यास लॅबेटॅलॉल. तान्ह्या बाळाच्या त्वचेवर वाढणाऱ्या लाल रक्तगाठी प्रोप्रॅनोलॉलने विरतात, असे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांच्या अचानक लक्षात आले. आता तेही एक मान्य उपचार आहे.

मग रक्तदाबाला पहिली गोळी हीच का नाही?

एके काळी रक्तदाब म्हटला की अ‍ॅटेनोलॉल लिहिले जाई. मीही पुष्कळ लिहिले. २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅटेनोलॉलपेक्षा दुसऱ्या जातीच्या औषधाने पक्षाघात कमी झाले. त्यानंतर, दुसरा काही आजार नसलेल्या साध्या रक्तदाबात बीटा-ब्लॉकर मागच्या रांगेत गेले.

भारत सरकारने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांच्यासह २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला भंडारा होता, सोबत वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग. ठरलेली मोजकी औषधे, प्रत्येकाचे कार्ड, महिन्याच्या गोळ्या, नियमित मोजणी. गावाजवळच गोळी मिळू लागल्याने किती तरी लोक औषधावर टिकले. यातली नेहमीची औषधे म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. ही व्यवस्था उत्तम आहे, तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. मात्र ती साध्या रक्तदाबासाठी आखलेली आहे. ज्यांना रक्तदाबासोबत छातीचे दुखणे, जुना झटका, कमजोर पंप किंवा ठोक्यांचा आजार आहे, त्यांनी ते तेथे आपण होऊन सांगावे आणि जुना पत्ता दाखवावा. नवी गोळी जुनीच्या जागी आहे की जुनीसोबत, हा एक प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये.

एकाएकी सोडल्यास काय होते?

कुलपांची गोष्ट पुन्हा आठवा. महिनोन्‌महिने कुलपे अडलेली राहिली की शरीर चतुराई करते. ते नवी कुलपे बनवते! गोळी चालू आहे तोवर तीही अडलेलीच असतात. पण गोळी एकदम थांबली की जुनी-नवी सारी कुलपे मोकळी होतात. आता थोडेसे अ‍ॅड्रिनॅलिनही हृदयाला चौखूर उधळते. रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर छातीत दुखते, झटकाही येऊ शकतो. हा धोका पहिल्या काही दिवसांपासून दोनेक आठवड्यांपर्यंत विशेष असतो. गुरुजींचा अकरावा दिवस त्यातच येतो.

म्हणून ही गोळी सोडायची झाल्यास डॉक्टर ती पायरीपायरीने, साधारणपणे एक-दोन आठवड्यांत किंवा अधिक काळात, कमी करत नेतात. त्या काळात जड कामे टाळावीत. छातीत दुखू लागल्यास लगेच डॉक्टरांना गाठावे.

आमच्या अनुभवात ही गोळी सुटण्याची कारणे ठरलेली असतात : रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत पत्ता संपतो आणि बाजारात जाणे होत नाही, लग्नाला परगावी गेल्यावर पिशवीत गोळी राहून जाते, उपासाच्या दिवशी गोळी चालत नाही असा समज असतो, किंवा 'आता बरे वाटते' म्हणून. शेवटचे कारण सर्वांत फसवे. बरे वाटते ते गोळीमुळे! पत्त्यात सात गोळ्या उरल्या की नवा पत्ता आणावा, हा नेम घरात सर्वांना ठाऊक असू द्या.

एखाद्या वेळची गोळी विसरली तर आठवण होताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्या डॉक्टरांना आधी सांगावे.

कुणी सावध राहावे?

दम्याचे रुग्ण : बीटा कुलपे श्वासनळ्यांवरही असतात. तेथे किल्ली फिरली की श्वासनळ्या मोकळ्या होतात. दम्याचा पंप हेच काम करतो. ती कुलपे अडली की श्वास कोंडतो आणि पंपही नीट लागू पडत नाही. काही औषधे मुख्यतः हृदयावरच काम करतात. ती डॉक्टर तोलूनमापून कधी देतातही. प्रोप्रॅनोलॉल मात्र दमेकऱ्याने घेऊच नये. डोळ्यांतले टिमोलॉलचे थेंबही रक्तात उतरतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना 'मला दमा आहे' हे सांगायला विसरू नका.

मधुमेहाचे रुग्ण : इन्शुलिन किंवा काही गोळ्यांनी साखर फार उतरली की धडधड व थरथर होऊन आपण सावध होतो. बीटा-ब्लॉकरने या खुणा झाकल्या जातात. घाम मात्र येतो. तेव्हा विनाकारण दरदरून घाम, भूक, गोंधळल्यासारखे वाटणे, यांपैकी काही झाले की साखर मोजावी. यंत्र नसेल तर आधी गूळ-साखर खावी, मग चौकशी करावी. दोन्ही आजार असलेल्यांना ही गोळी वर्ज्य नाही, फक्त जागरूकता हवी.

आधीच नाडी मंद असणारे, हृदयातल्या विजेच्या मार्गात अडथळा असणारे, पायांचा रक्तपुरवठा फारच कमी असणारे, आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम या गोळ्या घेणारे : यांना तपासणीशिवाय ही गोळी देत नाहीत. गरोदर स्त्रियांत अ‍ॅटेनोलॉलने बाळाचे वजन कमी भरू शकते, म्हणून ते टाळतात. दिवस राहताच गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

छोट्या तक्रारी, मोठ्या तक्रारी

थकवा, हातपाय गार पडणे, झोप चाळवणे, चित्रविचित्र स्वप्ने, पुरुषांत लैंगिक शक्ती कमी वाटणे, अशा तक्रारी होऊ शकतात. या गोळ्यांनी मन उदास होते असे पूर्वी सांगत. पुढच्या अभ्यासांत तसा संबंध दिसून आला नाही. तक्रार संकोच न करता सांगावी. मात्रा कमी करता येते किंवा त्याच घरातले दुसरे औषध देता येते. लाजेपोटी गुपचूप गोळी सोडणारे पुरुष मी कमी पाहिलेले नाहीत. लाज परवडते, झटका परवडत नाही!

आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात विशेष जपावे. घामाने पाणी कमी झाले की रक्तदाब आणखी उतरतो, आणि गोळीमुळे हृदयाला वेग वाढवून सावरता येत नाही. उठताना चक्कर येऊ लागल्यास रक्तदाब मोजून घ्यावा.

नाडी मोजायला घरात एकाने तरी शिकावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे हलकेच ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ही गोळी चालू असताना बसल्या जागी ५० ते ६० ठोके असले आणि त्रास काही नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. ५० च्या खाली जाऊ लागले, किंवा भोवळ, धाप, पायांवर सूज, बेशुद्धी यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक. लहान मुलांच्या हाती या गोळ्या लागू देऊ नका. मूठभर गोळ्या मुलाच्या पोटात गेल्यास नाडी व रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतात. मूल वरून ठीक दिसत असले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पत्ता सोबत घ्यावा.

मंडईतले नाटक आणि एक गोळी

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक रंगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री एका तरुण हौशी नटाला माझ्याकडे आणले. पहिल्यांदाच मोठी भूमिका, पायांत कापरे. मित्राने वडिलांची गोळी दिली, 'घे, धडधड थांबते.' ती प्रोप्रॅनोलॉल ४० होती. धडधड थांबली हे खरे. पण मुलाला लहानपणापासून दमा होता! पहिला अंक संपायच्या आत श्वास कोंडला. नेब्युलायझरची वाफ, ऑक्सिजन आणि इंजेक्शने देऊन पहाटेपर्यंत त्याला सावरले. नाटकाचे उरलेले अंक दुसऱ्याच मुलाने पुस्तक हातात धरून निभावले.

मंचावरच्या किंवा तोंडी परीक्षेच्या भीतीत प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा डॉक्टर क्वचित देतात. ती हात स्थिर करते, धडा पाठ करून देत नाही. नेमबाजी व तिरंदाजीत तर ती निषिद्धच आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदके याच औषधामुळे काढून घेण्यात आली. तेव्हा परीक्षेच्या हंगामात दुकानातून चिठ्ठीवाचून ही गोळी आणणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, तसे करू नका.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न : ही गोळी सुरू केली की जन्मभर सुटत नाही, तिची सवय लागते, खरे काय?
उत्तर : दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही. शरीर तिला सरावते, म्हणून हळूहळू सोडावी लागते एवढेच. थायरॉइड वा अर्धशिशीसाठी दिलेली गोळी काम झाल्यावर पुष्कळदा बंदही होते.

प्रश्न : काकाजींना आणि मला, दोघांनाही बीपी आहे. एकाच्या गोळ्या संपल्या तर दुसऱ्याच्या चालतील काय?
उत्तर : नाही. नाव सारखे दिसले तरी औषध आणि मात्रा वेगळी असू शकते. गुरुजींची गोष्ट पुन्हा वाचावी.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, गोळीने नाडी ५६ झाली. हृदय बंद तर पडणार नाही?
उत्तर : त्रास नसेल तर ५६ म्हणजे गोळी काम करीत आहे. भीतीने ती सोडू नका, पुढच्या भेटीत सांगा.

तात्पर्य

त्या प्रसंगानंतर मी दवाखान्यात एक नवा नेम केला आहे. 'गोळी चालू आहे काय?' असे आता मी विचारत नाही. 'पिशवी काढा' म्हणतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, दुसऱ्या डॉक्टरांची औषधे, काढ्याची बाटलीसुद्धा, टेबलावर मांडायची. दोन मिनिटे जास्त लागतात, बाहेरचे लोक कुरकुरतात. पण परवाच एका आजींच्या पिशवीत एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी निघाले. त्या दुप्पट मात्रा घेत होत्या आणि चक्कर येते म्हणून शक्तीचे इंजेक्शन मागायला आल्या होत्या!

आपणही आपल्या डॉक्टरांकडे, आरोग्य केंद्रात वा तपासणी शिबिरात जाताना ही पिशवी न्यावी. त्यांनी विचारले नाही तरी पुढे करावी. ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये आणि आपल्या मनाने सोडू नये.

गुरुजींची तब्येत आता चांगली आहे. बीटा-ब्लॉकर पुन्हा चालू आहे, या वेळी वेगळ्या पत्त्यात. थंडीचे घाटावरचे स्नान आम्ही बंद केले, सकाळचे फिरणे चालू ठेवले. मागच्या आठवड्यात ते आले ते पिशवी हातात घेऊनच. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पत्ते टेबलावर मांडले आणि शिकवल्यासारखे प्रत्येकाची बारीक अक्षरे मला वाचून दाखवली. दुसरी ओळसुद्धा.